सलग २८ पराभव : डेट्रॉइट पिस्टन्सचा २०२३-२४ चा हंगाम नेमका कशामुळे बुडाला?

मध्यांतर

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, दर वर्षी कोणता ना कोणता संघ तळाला असतोच आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. डेट्रॉइट पिस्टन्सचा २०२३-२४ चा हंगाम मात्र त्या नेहमीच्या हिशेबात बसत नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर चर्चा व्हावी या हेतूने हा धागा काढतो आहे. ८२ सामन्यांत १४ विजय आणि ६८ पराभव ही या संघाच्या इतिहासातली सर्वांत वाईट कामगिरी ठरली. शिवाय ३० ऑक्टोबर ते २८ डिसेंबर २०२३ या काळात संघ सलग २८ सामने हरला. एका हंगामापुरते पाहिले तर याहून मोठी पराभवांची मालिका एनबीएत आजवर झालेली नाही. याआधीचा विक्रम २६ पराभवांचा होता आणि तो २०१०-११ च्या क्लीव्हलँड व २०१३-१४ च्या फिलाडेल्फिया या दोन संघांच्या नावावर होता.

विशेष म्हणजे सुरुवात वाईट नव्हती. पहिला सामना मायामीत अवघ्या एका गुणाने गेला, त्यानंतर शार्लट आणि शिकागो यांना हरवून संघ २-१ अशा स्थितीत होता. पुढच्या विजयासाठी ३० डिसेंबर उजाडावा लागला. संपूर्ण नोव्हेंबर महिना एकाही विजयाविना गेला.

माझे म्हणणे असे आहे की हा संघ मुळात १४ विजयांचा नव्हता. तो चांगला संघ होता असे मी म्हणत नाही. २५ विजय मिळाले असते तरी कोणी पेढे वाटले नसते. पण त्यातले खेळाडू त्या निकालाहून बरे होते आणि त्यांची मांडणी मात्र इतकी सदोष होती की एकाचा गुण दुसऱ्याच्या आड येत होता. दुसरे असे की हे हरणे ठरवून केलेले नव्हते. नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळावा म्हणून फिलाडेल्फियाने २०१३ पासून तीन वर्षे जे केले ते उघड धोरण होते. डेट्रॉइटने त्या उन्हाळ्यात नेमके उलट केले. फिनिक्सला २०२१ च्या अंतिम फेरीत नेणारे आणि पुढच्याच वर्षी सर्वोत्तम प्रशिक्षकाचा किताब मिळवणारे माँटी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी सुमारे ७ कोटी ८५ लाख डॉलर देऊन आणले. त्या वेळी एनबीएतल्या कोणत्याही प्रशिक्षकाशी झालेला हा सर्वांत मोठा करार मानला गेला. ज्याला मुद्दाम हरायचे आहे तो मालक प्रशिक्षकावर असा पैसा ओतत नाही. म्हणजे सुधारणेचे वर्ष म्हणून आखलेल्या वर्षात हे घडले, आणि याच कारणाने हा हंगाम मला इतर पडेल हंगामांपेक्षा अधिक अभ्यासण्याजोगा वाटतो.

आता थोडा हिशेब. ती २८ सामन्यांची मालिका बाजूला काढली, तर उरलेल्या ५४ सामन्यांत १४ विजय आणि ४० पराभव असे चित्र दिसते. त्या गतीने पूर्ण हंगामात साधारण २१ विजय होतात. हा आकडा तळच्या संघाला शोभणाराच आहे, पण त्यात ऐतिहासिक असे काही नाही. म्हणजे समजून घ्यायचे ते हे की एक सामान्य वाईट संघ दोन महिने इतका कसा कोसळला, आणि कोसळत असताना त्याला थोपवणारे कोणी का नव्हते.

माझ्या मते पहिले कारण बाहेरून नेम धरणाऱ्या खेळाडूंचा दुष्काळ, दुसरे प्रशिक्षकाने लावलेली संघरचना, आणि तिसरे नेतृत्वाच्या पातळीवर महाव्यवस्थापक ट्रॉय वीव्हर यांनी आधीच्या दोन वर्षांत केलेली खेळाडूंची जमवाजमव. यातल्या कोणत्या कारणाला किती वजन द्यायचे यावर मतभेद असू शकतात. ते इथे मांडावेत.

आडवळण

धागा उत्तम आहे, पण "ठरवून केलेले नव्हते" हे मला जसेच्या तसे मान्य नाही. त्या एका वर्षापुरते ते खरे असेलही. परंतु २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) केड कनिंगहॅम पहिल्या क्रमांकावर मिळाला तोच मुळात आधीच्या वर्षी भरपूर हरल्यामुळे. त्यानंतर २०२२-२३ मध्ये कनिंगहॅमच्या नडगीवर शस्त्रक्रिया झाली, तो जेमतेम १२ सामने खेळला आणि संघ १७-६५ वर थांबला. त्या वर्षी व्हिक्टर वेंबन्यामासारखा खेळाडू ड्राफ्टमध्ये येणार हे सगळ्या लीगला ठाऊक होते, आणि डेट्रॉइटमध्ये त्या पराभवांचे दुःख कोणाला फारसे झाले असेल असे वाटत नाही. वर्षानुवर्षे तरुण खेळाडूंना हरण्याची सवय लावायची आणि मग एका उन्हाळ्यात महागडा प्रशिक्षक आणून "आता जिंका" असे सांगायचे, याला मी अपघात म्हणणार नाही.

ड्राफ्टमधला क्रम ठरवणाऱ्या लॉटरीचे नियम इथे लक्षात घ्यायला हवेत. २०१९ पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५% होती आणि तो चौथ्या क्रमांकाच्या खाली घसरू शकत नसे. फिलाडेल्फियाच्या प्रयोगानंतर लीगने नियम बदलले. आता तळच्या तिन्ही संघांना सारखीच, म्हणजे १४% शक्यता असते, आणि सर्वांत वाईट संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो. घसरू शकतो म्हणजे काय, तर ती शक्यता तब्बल ४७.९% असते. डेट्रॉइट २०२३ मध्ये सर्वांत वाईट असून पाचवा आला, २०२४ मध्ये पुन्हा सर्वांत वाईट असून पुन्हा पाचवा आला. याला लोक दुर्दैव म्हणतात, पण त्या नियमांत एकेकटे पाहिले तर सर्वांत संभवनीय निकाल तोच होता.

रेखांश

मांडणीच्या मुद्द्याबद्दल मी थोडे तपशिलात लिहितो, कारण "नेमबाज नव्हते" एवढे म्हटल्याने त्याचे परिणाम डोळ्यांसमोर येत नाहीत.

आजच्या एनबीएमध्ये आक्रमणाचा पाया म्हणजे मैदानावरची मोकळी जागा. कनिंगहॅमसारखा खेळाडू चेंडू घेऊन वर उभा असतो, जेलेन ड्यूरनसारखा उंच, दणकट खेळाडू त्याच्या रक्षकाला अडवायला येतो आणि मग दोघे मिळून बास्केटच्या दिशेने सुटतात. त्या क्षणी उरलेले तीन सहकारी कडेला, तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे असतात. त्यांना सोडून रक्षक आत धावला तर चेंडू बाहेर जातो आणि तीन गुण मिळतात. नाही धावला, तर आत दोघांविरुद्ध दोघे असा सामना होतो आणि तो कनिंगहॅम बहुतेक वेळा जिंकतो. या साऱ्या गणिताची अट एकच आहे, ती म्हणजे कडेला उभे असलेले तिघे नेम धरू शकतात अशी धास्ती समोरच्याला वाटली पाहिजे.

आता डेट्रॉइटच्या त्या नोव्हेंबरमधल्या संघाकडे पाहा. ऑसर थॉम्पसन हा नुकताच पाचव्या क्रमांकावर निवडलेला, विलक्षण चपळ आणि बचावात तरबेज असा खेळाडू. पण पहिल्या वर्षी तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे प्रमाण २०% च्याही खाली होते. किलियन हेज चेंडू बरा हाताळत असे, मात्र त्याच्या नेमाची भीती कोणालाच नव्हती. आयझाया स्टुअर्ट हा मूळचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), त्याला पॉवर फॉरवर्डच्या जागी खेळवले जात होते. त्याने बाहेरून फेकण्याची चांगली मेहनत घेतली होती हे मान्य करूनही, समोरचे संघ त्याला ती संधी आनंदाने देत. परिणाम असा की कनिंगहॅम आत शिरला की त्याच्यापुढे एक नव्हे, तीन-तीन रक्षक उभे राहत. थॉम्पसनचा रक्षक तर त्याच्याकडे पाठ करून सरळ बास्केटखाली जाऊन उभा राहिलेला दिसे. मग कनिंगहॅमचे पास अडवले जात, चेंडू हातचा जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच नावापुढे गमावलेल्या चेंडूंचा आकडा दिसे. त्या दोन महिन्यांत त्याच्यावर जी टीका झाली तिच्यातली निम्मी अधिक त्याच्या सहकाऱ्यांच्या जागांवर व्हायला हवी होती.

या गर्दीतून वाट काढायला वेग लागतो, आणि तो जेडन आयव्हीकडे होता. त्याला सुरुवातीचे कित्येक आठवडे राखीव ठेवून हेजला पहिल्या पाचांत खेळवले गेले. हा निर्णय मला आजही कळलेला नाही. फेब्रुवारीत संघाने हेजला करारातून मोकळे केले. मग नोव्हेंबरमध्ये त्याच्यासाठी आयव्हीला बाकावर बसवून काय साधले?

मध्यांतर

रेखांश, तुम्ही हे फार नेमके मांडले आहे. यात एक भर घालतो. बाहेरून फेकू शकणारा अनुभवी खेळाडू म्हणजे बोयान बॉगडानोविच, तो दुखापतीमुळे नेमका हंगामाच्या सुरुवातीला बाहेर होता. माँटे मॉरिसही नव्हता. म्हणजे आखलेल्या संघात नेमबाज अगदीच नव्हते असे नाही, पण एक-दोघांच्या दुखापतीने सगळा डोलारा खाली येईल इतकीच ती तरतूद होती.

आणि ही तरतूद अपुरी का होती, हे पाहायला फेब्रुवारी २०२३ मधला व्यवहार आठवावा. सद्दीक बे हा बाहेरून फेकणारा तरुण खेळाडू देऊन वीव्हर यांनी जेम्स वाइझमन आणला. ड्यूरन, स्टुअर्ट आणि मार्विन बॅगली असे तिघे उंच खेळाडू संघात असताना चौथा आणला. बॅगली २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा, वाइझमन २०२० मध्ये दुसरा. इतरांनी टाकून दिलेले मोठ्या नावाचे खेळाडू आपल्याकडे आले की फुलतील, असा वीव्हर यांचा होरा असावा. एखाद्याच्या बाबतीत असा डाव लागतोही. पण एकाच जागेसाठी चार माणसे आणि कडेला उभे राहायला कोणी नाही, या रचनेवर प्रशिक्षक तरी किती उपाय काढणार?

नीलमोहर

आकड्यांच्या आणि रचनेच्या चर्चेत मला एक गोष्ट निसटते आहे असे वाटते, ती म्हणजे ती मालिका प्रत्यक्ष कशी दिसत होती. २८ पैकी सगळे सामने एकतर्फी नव्हते.

२६ डिसेंबरचा ब्रुकलिनविरुद्धचा सामना घ्या. तीनच दिवस आधी याच संघाकडून हरून डेट्रॉइटने २६ पराभवांची बरोबरी केली होती. आता सामना घरच्या मैदानावर, लिटल सीझर्स अरीनामध्ये होता. कनिंगहॅमने ४१ गुण केले आणि त्यांतले बहुतेक उत्तरार्धात केले. एका खेळाडूने याहून जास्त काय करायचे? तरी निकाल ११८-११२ असा विरुद्ध गेला, विक्रम मोडला आणि "संघ विकून टाका" अशा घोषणांनी प्रेक्षागृह दणाणले. मालक टॉम गोअर्स यांना उद्देशून या घोषणा त्याआधीपासूनच सुरू झाल्या होत्या.

पण खरा चटका लावणारा सामना दोन दिवसांनी बॉस्टनमध्ये झाला. बॉस्टन त्या वेळी लीगमधला सर्वोत्तम संघ होता, घरच्या मैदानावर त्या हंगामात एकदाही हरलेला नव्हता आणि पुढे जून महिन्यात विजेतेपदही त्यांनीच मिळवले. अशा संघाविरुद्ध मध्यंतराला डेट्रॉइट १९ गुणांनी पुढे होता! चेंडू फिरत होता, बॉगडानोविच परतला होता, कनिंगहॅमला आत शिरायला जागा मिळत होती. रेखांश यांनी वर्णन केलेली मोकळी जागा जरा कुठे दिसू लागली होती. तिसऱ्या सत्रात बॉस्टनने ती आघाडी खाऊन टाकली. सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि १२८-१२२ असा हातचा गेला. तो २८ वा पराभव.

मी तो सामना पूर्ण पाहिला. उत्तरार्धात आघाडी कमी होऊ लागताच डेट्रॉइटचे खेळाडू चेंडू मिळाल्यावर क्षणभर थबकू लागले. पूर्वार्धात जो पास हाती येताच पुढे जात होता, तो आता एकदा टप्पा देऊन, आजूबाजूला पाहून मग जात होता. तेवढ्यात रक्षक जागेवर येऊन उभा राही. सतत हरणारा संघ घाबरतो असे आपण म्हणतो, पण ती भीती दिसते ती अशी, अर्ध्या सेकंदाच्या उशिरात. म्हणून मला वाटते की पहिले दहा-बारा पराभव मांडणीमुळे झाले असतील, त्यापुढचे मात्र आधीच्या पराभवांमुळे झाले.

तटस्थ

नीलमोहर यांचे शेवटचे वाक्य पटले. मालिका तुटली ती कशी, हेही नोंदवायला हवे. ३० डिसेंबरला टोरांटोविरुद्ध १२९-१२७. त्याच दिवशी टोरांटोने ओजी अनुनोबीला न्यू यॉर्कला देऊन टाकले होते आणि बदल्यात मिळालेले खेळाडू अजून संघात उतरले नव्हते. म्हणजे समोरचा संघ अपुरा असताना, तोही दोनच गुणांनी. विजय तो विजयच, पण पुढच्या ५० सामन्यांत जे ११ विजय आले ते पाहता त्या रात्री काही बदलले असे म्हणवत नाही.

आडवळण

इतिहासातल्या इतर उदाहरणांशी ताडून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होईल असे वाटते, म्हणून हा लांबलेला प्रतिसाद.

१९७२-७३ चा फिलाडेल्फियाचा संघ ९-७३ वर संपला. ८२ सामन्यांच्या हंगामातली ही आजही सर्वांत वाईट कामगिरी आहे. प्रशिक्षक रॉय रुबिन यांना ४-४७ अशा स्थितीत काढले आणि खेळाडू केव्हिन लॉकरी यांच्याकडेच प्रशिक्षकपद दिले. उरलेल्या ३१ सामन्यांत पाच विजय मिळाले. २०११-१२ चा शार्लट बॉबकॅट्सचा संघ ७-५९ वर थांबला. मालक-खेळाडू वादातल्या टाळेबंदीमुळे तो हंगाम ६६ सामन्यांचाच होता, म्हणून विजयांच्या प्रमाणात पाहिले तर तो फिलाडेल्फियापेक्षाही खाली जातो. शेवटचे २३ सामने ते सलग हरले, आणि एवढे करून लॉटरीत पहिला क्रमांक गेला न्यू ऑर्लिन्सला, आणि त्यांनी अँथनी डेव्हिस घेतला.

क्लीव्हलँडचे उदाहरण याहून निराळे. २०१० च्या उन्हाळ्यात लेब्रॉन जेम्स संघ सोडून गेला आणि ६१ विजय मिळवणारा संघ एका वर्षात १९ वर आला. तिथे कारण शोधत बसावे लागत नाही. तिथली मौज पुढे आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी क्लिपर्सकडून बॅरन डेव्हिसचा जड पगार अंगावर घेतला आणि त्या बदल्यात क्लिपर्सचा ड्राफ्टमधला हक्क मिळवला. त्या हक्काला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २.८% होती. तोच पहिला आला आणि कायरी अर्व्हिंग मिळाला. एवढे हरून कमावलेला त्यांचा स्वतःचा हक्क चौथ्या क्रमांकावर गेला. हरण्यातून जे मिळेल म्हणून लोक आशेने पाहतात, त्याचा आणि प्रत्यक्षात जे मिळते त्याचा संबंध किती पातळ आहे ते यावरून दिसते.

आता फिलाडेल्फियाचे ते बहुचर्चित धोरण. महाव्यवस्थापक सॅम हिंकी यांच्या कारकिर्दीत १९, १८ आणि १० असे विजय. २०१४-१५ चे शेवटचे दहा आणि २०१५-१६ चे पहिले १८ सामने मिळून त्यांनीही सलग २८ पराभवांची मालिका केली. म्हणजे दोन हंगामांत पसरलेली मालिका धरली तर डेट्रॉइटचा विक्रम एकट्याचा नाही, बरोबरीचा आहे. हिंकी यांनी एप्रिल २०१६ मध्ये १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला. जोएल एम्बीड त्यांनीच २०१४ मध्ये निवडला होता. २०१७-१८ मध्ये संघाने ५२ सामने जिंकले, म्हणून धोरणाचे समर्थक आजही ताठ मानेने बोलतात. पण त्या धोरणानंतर २०२५ पर्यंत पूर्व विभागाच्या अंतिम फेरीतही हा संघ पोहोचलेला नव्हता. माझ्या दृष्टीने हा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

मध्यांतर

आडवळण, तुलना मोलाची आहे, पण ती माझ्याच बाजूने बोलते असे मला वाटते. शार्लट किंवा १९७२-७३ च्या फिलाडेल्फियाकडे पुढे नाव काढतील असे तरुण खेळाडू जवळजवळ नव्हते. क्लीव्हलँडकडून एक असामान्य खेळाडू निघून गेला होता. हिंकी यांनी मुद्दामच चांगले खेळाडू जमवले नव्हते. डेट्रॉइटकडे मात्र कनिंगहॅम, ड्यूरन, आयव्ही, स्टुअर्ट आणि थॉम्पसन असे पाचजण होते, आणि त्यांच्यासकट हा संघ या सर्वांच्या पंगतीत जाऊन बसला.

जाता जाता एक आठवण. २०१३-१४ च्या फिलाडेल्फियाची २६ पराभवांची मालिका तुटली ती कोणाविरुद्ध, तर डेट्रॉइटविरुद्धच, २९ मार्च २०१४ ला, १२३-९८ अशा फरकाने.

रेखांश

मध्यांतर यांच्या दाव्याची परीक्षा पुढच्याच वर्षी झाली, हे या चर्चेचे भाग्य म्हणायचे. एरवी "मांडणी चुकली" हे विधान सिद्ध करता येत नाही, कारण संघ मोडला जातो आणि तीच माणसे पुन्हा एकत्र पाहायला मिळत नाहीत. इथे मिळाली.

मे २०२४ मध्ये ट्रॅजन लँग्डन यांच्याकडे सूत्रे आली, वीव्हर गेले, जूनमध्ये विल्यम्स यांनाही नारळ मिळाला आणि जे. बी. बिकरस्टाफ नवे प्रशिक्षक झाले. वर उल्लेखलेले पाचही तरुण खेळाडू संघात कायम राहिले. बाहेरून आणले ते टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली. तिघेही वयाने अनुभवी, तिघेही बाहेरून फेकणारे. बीझलीला तर एका वर्षासाठी ६० लाख डॉलर दिले होते, एनबीएच्या मानाने ही किरकोळ रक्कम. त्याने त्या हंगामात तीन गुणांचे ३१९ शॉट यशस्वी केले, जो डेट्रॉइटचा विक्रम आहे. २०२४-२५ मध्ये संघ ४४-३८ वर पोहोचला. आधीच्या हंगामाच्या तिपटीहून अधिक विजय एनबीएत त्याआधी कोणीही मिळवले नव्हते. कनिंगहॅमची सरासरी २६ गुण आणि ९ असिस्टवर (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) गेली आणि त्याचा समावेश लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम पाचांत झाला.

त्याच कनिंगहॅमला आत शिरताना आता दोन रक्षक कमी भेटत होते, कारण बीझलीला सोडून धावणे कोणालाच परवडत नव्हते. थॉम्पसनचा नेम तेव्हाही सुधारलेला नव्हता, पण पाचांत एकच न फेकणारा असला तर त्याला चेंडूविना धावायला लावून खपवून घेता येते. असे दोन-तीन एकदम असले तर नाही. आयव्हीचा पाय १ जानेवारी २०२५ ला मोडला, तो उरलेला हंगाम खेळला नाही, आणि तरीही हा निकाल आला हे लक्षात घ्यावे.

नीलमोहर

रेखांश, युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा, पण सगळे श्रेय तीन नेमबाजांना देताना थोडे थांबावे अशी विनंती आहे. ड्यूरन २०२३ च्या त्या नोव्हेंबरमध्ये नुकताच वीस वर्षांचा झाला होता. कनिंगहॅम जवळजवळ संपूर्ण वर्ष न खेळता परतला होता. या वयाचे खेळाडू एका वर्षात आपोआपही बरेच सुधारतात. विल्यम्स यांच्याकडे तीच मुले एक वर्ष कच्ची होती, आणि बिकरस्टाफ यांच्याकडे ती एक वर्ष मुरलेली आणि २८ पराभव पचवलेली अशी आली. आयव्हीबाबतचा निर्णय मी वगळते, तो समर्थनीय नव्हताच. पण विल्यम्स यांच्या जागी दुसरे कोणी असते तर पंधरा-वीस विजय वाढले असते, असे मानायला मी तयार नाही.

मध्यांतर

पंधरा-वीस मीही म्हणणार नाही, सात-आठ नक्की म्हणेन. त्या हंगामात वॉशिंग्टनचे विजय १५ होते, म्हणजे डेट्रॉइटपेक्षा फक्त एक जास्त, आणि वॉशिंग्टनने पुनर्बांधणीचे वर्ष म्हणून ते आधीच सोडून दिले होते. सोडून दिलेल्या संघाच्याही खाली जाणे हे खेळाडूंच्या कोवळ्या वयाने पूर्ण उलगडत नाही. तळचे इतर संघ पाहिले, तर शार्लट आणि पोर्टलंड यांचे २१-२१ विजय होते. कनिंगहॅम असलेला संघ त्यांच्या पंगतीत असायला हवा होता, एवढीच माझी अपेक्षा आहे, आणि वर मांडलेला ५४ सामन्यांचा हिशेबही तिथेच येऊन थांबतो.

प्लेऑफबद्दल, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांबद्दल, कोणी लिहिले नाही म्हणून नोंदवतो. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत न्यू यॉर्कविरुद्धचा दुसरा सामना डेट्रॉइटने १००-९४ असा जिंकला. प्लेऑफमध्ये सलग १५ पराभवांची जी मालिका २००८ पासून चालत आली होती, आणि जो एनबीएतला विक्रम होता, ती तिथे तुटली. ती फेरी मात्र न्यू यॉर्कने ४-२ अशी जिंकली.

तटस्थ

एक शंका आहे. विल्यम्स यांना सहापैकी एकच वर्ष ठेवले, म्हणजे उरलेल्या पाच वर्षांचे सुमारे साडेसहा कोटी डॉलर संघाच्या डोक्यावर राहिले. त्या बोजामुळे खेळाडू घेण्यावर मर्यादा आली नसती का? लँग्डन यांनी त्यातूनही हॅरिसला आणि इतरांना कसे घेतले?

रेखांश

तटस्थ, एनबीएची पगारमर्यादा फक्त खेळाडूंच्या करारांना लागू होते. प्रशिक्षकाचा पगार, तो चालू असो की हकालपट्टीनंतरचा, त्या मर्यादेत धरला जात नाही. ती रक्कम गोअर्स यांच्या खिशातून जाते आणि संघाच्या बांधणीवर तिचा नियमाने काहीही परिणाम होत नाही. उलट त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटकडे मर्यादेखाली भरपूर जागा शिल्लक होती, कारण त्यांचे बहुतेक चांगले खेळाडू अजून पहिल्याच, स्वस्त करारावर होते. हार्डवेला सामावून घेताना तर डॅलसने वर दुसऱ्या फेरीतले तीन ड्राफ्ट हक्कही दिले, ते याच मोकळ्या जागेमुळे.

हीच जागा २०२३ च्या उन्हाळ्यातही होती. तेव्हा ती बरीचशी जो हॅरिसच्या जवळपास दोन कोटी डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर खर्च झाली. तो नेमबाज म्हणूनच आणला होता, पण दुखापतींनी थकलेला होता, मैदानात फारसा उतरलाच नाही आणि फेब्रुवारीत त्यालाही मोकळे केले. म्हणजे नेमबाज हवा हे वीव्हर यांना कळले नव्हते असे नाही. त्यांनी माणूस चुकीचा निवडला.

मध्यांतर

जो हॅरिसचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता असे कोणी म्हणण्याआधी सांगतो की त्यावर मला वेगळे लिहायचे आहे. २०२३ आणि २०२४ या दोन उन्हाळ्यांत हाती सारखीच साधने असताना दोन व्यवस्थापकांनी काय काय घेतले, याची सविस्तर तुलना पुढच्या प्रतिसादात टाकतो. तोपर्यंत नीलमोहर यांच्या आक्षेपावर इतरांची मते वाचायला आवडतील.

नीलमोहर

जरूर टाका. त्यात बॉगडानोविचचाही विचार करा. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला चांगला मोबदला घेऊन देऊन टाकता आले असते असे तेव्हा बरेच बोलले जात होते. वीव्हर यांनी तो ठेवला, आणि वर्षभराने अ‍ॅलेक बर्क्ससोबत न्यू यॉर्कला दिला तेव्हा बदल्यात मुख्यतः क्वेंटिन ग्राइम्स मिळाला. त्याच ग्राइम्सला देऊन पुढे हार्डवे आला. त्यामुळे २०२४-२५ च्या यशातला एक धागा वीव्हर यांच्याच व्यवहारापर्यंत जातो, तो तुमच्या तुलनेत कोणाच्या खात्यावर मांडणार?